अवरक्त प्रकाशवक्रात दूरचा ग्रह कसा शोधावा

मृग नक्षत्र लागले की गोव्याचे आकाश झाकोळते आणि नेमके त्याच दिवसांत धनू राशीतील आकाशगंगेचे केंद्र मध्यरात्री पणजीच्या दक्षिणेस सुमारे ४५ अंश उंचीवर येते. आपल्याला ते दिसत नाही, परंतु इतरत्र नोंदलेली निरीक्षणे घरी बसून तपासता येतात.

दूरच्या ताऱ्यासमोरून दुसरा तारा सरकतो, तेव्हा समोरच्याच्या गुरुत्वाकर्षणाने मागच्याचा प्रकाश वळतो आणि तो काही दिवस किंवा आठवडे अधिक तेजस्वी दिसतो. यालाच सूक्ष्मभिंग म्हणतात. समोरच्या ताऱ्याभोवती ग्रह असल्यास या चढउतारावर एक लहानसा उंचवटा किंवा खाच उमटू शकते. गुरूएवढ्या ग्रहाची खूण साधारण एक दिवस टिकते, पृथ्वीएवढ्या ग्रहाची काही तासच. केंद्राच्या दिशेला धूळ इतकी दाट आहे की तेथून येणारा दृश्य प्रकाश जवळजवळ सगळा वाटेतच अडतो. अवरक्त प्रकाश मात्र पुष्कळसा पार होतो.

हवाईतील मौना केआवरच्या ३.८ मीटर व्यासाच्या युकर्ट या अवरक्त दुर्बिणीने केलेल्या सर्वेक्षणाचे प्रकाशवक्र, म्हणजे ताऱ्याचे तेज काळानुसार कसे बदलले याच्या नोंदी, नासाच्या एक्झोप्लॅनेट आर्काइव्हवर विनामूल्य मिळतात. एक धारिका उतरवून घ्यावी आणि आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर दृश्यप्रत, म्हणजे ताऱ्याच्या तेजाचा आकडा, मांडावी. उभा अक्ष उलटा ठेवावा, कारण दृश्यप्रतीचा आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी.

शिखराकडे लगेच पाहू नये. माझ्या मते खरी परीक्षा शिखराच्या आधीच्या आणि नंतरच्या सपाट भागाची असते, कारण तोच डळमळत असेल तर तारा मुळातच चलतारा, म्हणजे स्वतःच तेज बदलणारा, असण्याची शक्यता मोठी. सपाट भाग पक्का झाल्यावर एकट्या ताऱ्याच्या भिंगाचा वक्र बसवावा. तो शिखराच्या दोन्ही बाजूंना सारखा असतो, आणि भिंग (समोरचा तारा) व मागचा तारा यांच्यातील भासमान अंतर आइन्स्टाइन त्रिज्येएवढे (दोन्ही अगदी एका रेषेत आल्यास दिसणाऱ्या प्रकाशकड्याच्या त्रिज्येएवढे) असताना तेज १.३४ पट होते. मग निरीक्षणातून हा वक्र वजा करून उरलेले बिंदू पाहावेत.

एकदा मला उतारावर लागोपाठ तीन बिंदू वर सरकलेले दिसले आणि मी फार आनंदलो. मात्र शेजारच्या चार ताऱ्यांचे वक्र काढले, तेव्हा त्याच रात्री तेही तितकेच वर गेले होते. दोष त्या रात्रीच्या मोजमापाचा होता. तेव्हापासून शेजारी तपासल्याशिवाय मी कोणतीही खूण वहीत लिहीत नाही.

शेजारी शांत असतील, तर निरनिराळ्या तरंगलांबींतील मोजणी जुळते का ते पाहावे. गुरुत्वाकर्षण सर्व रंग सारखेच वळवते, त्यामुळे रंग बदलत असल्यास मागे एकाऐवजी दोन तारे असावेत, अशी शंका घ्यावी. असे जोडतारे ग्रहाच्या खुणेची हुबेहूब नक्कल करतात. रात्रीतून एकदोनच नोंदी असलेल्या वक्रात पृथ्वीएवढा ग्रह शोधण्याचा अट्टहास धरू नये. त्यासाठी दर काही मिनिटांनी घेतलेली निरीक्षणे लागतात, आणि नासाची २.४ मीटर आरशाची रोमन अवकाश दुर्बीण ज्या कामांसाठी आखली आहे, त्यांपैकी हे एक आहे.