शोधनिबंध पाठवण्यापूर्वी आणि छापून आल्यानंतर : प्रकाशननीती प्रत्यक्षात कशी पाळावी

पुण्यात पीएच.डी.साठी नाव नोंदवलेल्या विद्यार्थ्याला किंवा पदोन्नतीच्या प्रस्तावाची जुळवाजुळव करणाऱ्या प्राध्यापकाला ‘प्लेजरिझम किती टक्के आले?’ हा प्रश्न वारंवार विचारला जातो; ‘या निबंधात तुमचे स्वतःचे काय आहे?’ हा प्रश्न मात्र क्वचितच कानावर येतो. प्रकाशननीतीचे बहुतेक नियम या दुसऱ्या प्रश्नातून निघाले आहेत. निबंधातला कोणता विचार कोणाचा, काम कोणी केले, पैसा कोणी दिला आणि आकडे कुठून आले, हे वाचणाऱ्याला निःसंदिग्धपणे कळले पाहिजे, कारण तो त्या निबंधावर विसंबून पुढचे काम करणार असतो. पुढील सूचना याच दृष्टीने लिहिल्या आहेत आणि निबंध लिहायला बसण्यापूर्वीच त्या वाचल्या, तर त्यांचा उपयोग अधिक होईल.

लेखक कोण, हे आधी ठरवावे

लेखकांच्या नावांवरून होणारे वाद बहुधा निबंध स्वीकारला गेल्यानंतर उफाळून येतात, आणि तोपर्यंत संबंध इतके ताणलेले असतात की कोणीच मोकळेपणाने बोलत नाही. म्हणून पहिली पायरी हीच की, काम सुरू होतानाच मार्गदर्शकांशी आणि सहकाऱ्यांशी या विषयावर बोलून घ्यावे. विद्यार्थ्याला हे अवघड वाटते, पण ‘सर, कोणाचे नाव कोणत्या क्रमाने यावे हे आत्ताच आपल्याशी बोलून ठरवावे असे वाटते, म्हणजे पुढे कोणाचाच गैरसमज होणार नाही,’ असे आदराने विचारले तर क्वचितच कोणी नाही म्हणते. बोलणे झाल्यावर त्याच दिवशी ‘आज ठरल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून चार ओळींचा ई-मेल सर्वांना पाठवावा. कामाचे स्वरूप बदलले तर क्रमही बदलू शकतो, हेही त्यात लिहावे.

निकष कोणते लावायचे? वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने, म्हणजे ‘आयसीएमजेई’ने, घालून दिलेले चार निकष आज इतर अनेक विषयांतही मानले जातात. संशोधनाच्या कल्पनेत, आखणीत, माहिती मिळवण्यात किंवा तिच्या विश्लेषणात भरीव वाटा असणे. निबंधाचे लेखन किंवा त्याची साक्षेपी दुरुस्ती केलेली असणे. अंतिम मसुद्याला मान्यता दिलेली असणे. आणि निबंधाविषयी उद्या प्रश्न निघाल्यास उत्तर देण्याची जबाबदारी स्वीकारलेली असणे. हे चारही निकष एकत्र पूर्ण व्हावे लागतात. त्यामुळे केवळ विभागप्रमुख आहेत म्हणून, प्रयोगशाळा वापरू दिली म्हणून किंवा निधी मिळवून दिला म्हणून कोणाचे नाव लेखकांत घालता येत नाही. त्यांचे ऋण आभारात व्यक्त करावे. उलट, ज्या मुलीने दोन उन्हाळे गावोगाव फिरून प्रश्नावल्या भरून आणल्या, तिला लेखनात आणि दुरुस्तीत सहभागी होण्याची संधीच न देता ‘तिने लिहिले नाही’ म्हणून वगळणे हेही तितकेच अनैतिक आहे. माझ्या मते आपल्याकडे या दुसऱ्या प्रकाराबद्दल फार कमी बोलले जाते.

कोणी काय केले हे निबंधाच्या शेवटी नोंदवण्यासाठी ‘क्रेडिट’ नावाची १४ भूमिकांची वर्गवारी अनेक नियतकालिके वापरतात. नियतकालिकाने मागितली नाही तरी ती आपल्यापुरती भरून पाहावी. कोणाच्या नावापुढे एकही भूमिका लिहिता येत नसेल, तर निर्णय आपोआप होतो.

मजकूर कोणाचा : टक्केवारीच्या पलीकडे

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याला आळा घालणारे विनियम लागू केले. त्यांनुसार प्रबंधाचे इतरांच्या मजकुराशी असलेले साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित लेखन सादर करावे लागते. ४० ते ६० टक्क्यांसाठी एक वर्षापर्यंत सुधारित प्रबंध सादर करण्यास मनाई होते. आणि ६० टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. शिक्षकांच्या निबंधांबाबत गंभीर प्रकरणात निबंध मागे घेण्याबरोबरच वेतनवाढ रोखण्याची आणि काही वर्षे नवे विद्यार्थी न देण्याची तरतूद आहे. संदर्भसूची, अनुक्रमणिका, आभार, रीतसर उद्धृत केलेला मजकूर आणि योगायोगाने जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे शब्दप्रयोग या मोजणीतून वगळले जातात.

हे नियम माहीत असावेत, पण त्यांतून एक घातक समजूत पसरली आहे की दहाच्या आत आले म्हणजे निबंध शुद्ध. साम्य शोधणारे सॉफ्टवेअर शब्द जुळवते. चोरी झाली की नाही हे त्याला कळत नाही. वगळण्याजोगा मजकूर न वगळता अहवाल काढला, तर रीतसर उद्धृत केलेल्या कायद्याच्या कलमांमुळे प्रामाणिक निबंधाचा आकडा फुगू शकतो, आणि शब्द फिरवून उचललेला निबंध तीन टक्क्यांत सुटू शकतो. म्हणून ग्रंथालयातून अहवाल हाती आला की पहिल्या पानावरचा आकडा पाहून थांबू नये. रंगवलेला प्रत्येक परिच्छेद मूळ स्रोताशेजारी ठेवून वाचावा आणि ‘हा विचार माझा आहे असे वाचकाला वाटेल का?’ असे स्वतःला विचारावे. उत्तर होकारार्थी असेल आणि विचार दुसऱ्याचा असेल, तर साम्य कितीही कमी असो, संदर्भ देणे आवश्यक आहे.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी खरा मोह भाषांतराचा असतो. इंग्रजी परिच्छेद मराठीत आणला की सॉफ्टवेअरला तो बहुधा सापडत नाही. समजा, एका अर्थतज्ज्ञाने दुसऱ्याच एका शहराविषयी इंग्रजीत लिहिले आहे की, शहरालगतच्या गावांत जमिनीचे भाव चढले की शेती करणारी कुटुंबे कमी होतात आणि खोल्यांच्या भाड्यावर जगणारी वाढतात. तुम्ही पुण्यालगतच्या हिंजवडी आणि माण या गावांविषयी लिहिताना ‘शहरालगतच्या गावांत’च्या जागी ‘हिंजवडी परिसरात’ असे घातले आणि तेच वाक्य मराठीत उतरवले, तर दोन अपराध एकदम घडतात. विचार उचलला गेला, आणि न केलेली पाहणी केल्याचा आभास निर्माण झाला. योग्य लेखन असे होईल : ‘अमुक यांनी तमुक शहराविषयी हे निरीक्षण नोंदवले आहे; माण येथील माझ्या पाहणीत ते अंशतः खरे ठरले, कारण तेथे जमीन विकल्यानंतरही काही कुटुंबांनी अन्यत्र शेती घेतली होती.’ यात मूळ अभ्यासकाचे श्रेय त्याच्याकडे राहते आणि तुमची भर किती, हेही स्वच्छ दिसते.

न पाहिलेला मूळ दस्तऐवज पाहिल्यासारखा उद्धृत करणे हा असाच न सापडणारा प्रकार आहे आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी त्याबाबत विशेष दक्ष राहिले पाहिजे. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तर रुमालांत, म्हणजे कापडी गठ्ठ्यांत, बांधलेले आहे आणि त्याची भाषा-लिपी मोडी वाचणाऱ्यालाच उलगडते. गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेल्या ४५ खंडांतून किंवा एखाद्या नंतरच्या अभ्यासकाच्या पुस्तकातून पत्र घेतले असेल, तर तळटीपेत तो खंड किंवा ते पुस्तकच आले पाहिजे. रुमालाचा क्रमांक तिथून उतरवून घेऊन थेट दफ्तराचा हवाला दिला, तर आपण स्वतः रुमाल सोडून मोडी वाचल्याचा दावा करतो, आणि आधीच्या वाचनात चूक असेल तर ती दोन स्वतंत्र वाचनांनी पक्की झाल्यासारखी भासते. ‘अमुक यांच्या ग्रंथात उद्धृत’ असे लिहिण्यात कमीपणा मुळीच नाही.

स्वतःचे पूर्वीचे लेखन हेही अपवाद नाही. आधी छापलेला मजकूर संदर्भ न देता नवा म्हणून पुन्हा छापणे स्वीकारार्ह नाही, असे आयोगाने एप्रिल २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. इंग्रजीत छापलेला निबंध मराठी वाचकांसाठी पुन्हा प्रसिद्ध करणे ही चांगली गोष्ट आहे. त्यासाठी दोन्ही संपादकांची परवानगी घ्यावी आणि पहिल्याच पानावर मूळ प्रकाशनाचा स्पष्ट उल्लेख करावा. एकाच पाहणीचे चार तुकडे करून चार निबंध करणे मात्र टाळावे, कारण वाचकाला चार स्वतंत्र पुरावे असल्याचा भास होतो.

ज्यांच्याविषयी लिहितो, ती माणसे

माणसांकडून माहिती घ्यायची असेल तर संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता काम सुरू होण्यापूर्वी घ्यावी. नंतर मिळवलेली मान्यता चालत नाही. संमतिपत्र मराठीत, वाचून दाखवता येईल अशा भाषेत असावे. नाव बदलले म्हणजे ओळख झाकली, असे समजू नये. ‘पर्वती पायथ्याच्या वस्तीतील एकमेव महिला रिक्षाचालक’ असे लिहिले की नावाची गरजच उरत नाही. वैद्यकीय चाचणी असेल, तर पहिला रुग्ण सहभागी होण्यापूर्वी तिची नोंद भारतीय चाचणी नोंदवहीत झालेली असली पाहिजे.

नियतकालिक निवडताना

या बाबतीत पुण्याचा इतिहास लक्षात घेण्यासारखा आहे. आयोगाच्या मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या जुन्या यादीचे परीक्षण पुणे विद्यापीठातील अभ्यासकांनी केले आणि २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष मांडला की, विद्यापीठांच्या शिफारशींवरून यादीत आलेल्या, इतरत्र सूचिबद्ध नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावीत. त्यानंतर आलेल्या ‘यूजीसी-केअर’ यादीचा कक्षही याच विद्यापीठात होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती यादी बंद केल्याचे जाहीर करून निवडीची जबाबदारी संस्थांवर आणि संशोधकांवर सोपवली. म्हणजे आता ‘यादीत होते’ हे उत्तर पुरणार नाही.

व्हॉट्सॲपवर ‘आजच निबंध पाठवा, तीन दिवसांत प्रकाशन, ई-प्रमाणपत्र मोफत’ असा संदेश आला, तर तीन दिवसांत तज्ज्ञांकडून परीक्षण होऊ शकत नाही एवढे लक्षात घेऊन तो तिथेच सोडावा. इतर नियतकालिकांसाठी पडताळणी अशी करावी. आयएसएसएन या नियतकालिकांच्या ओळख-क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय पोर्टलवर क्रमांक टाकून नाव आणि प्रकाशक जुळतात का पाहावे. मात्र हा क्रमांक केवळ ओळखीचा असतो, दर्जाचा नव्हे. ‘स्कोपस’ या संशोधन-नियतकालिकांच्या सूचीत आहे असा दावा असेल, तर स्कोपसच्याच स्रोतसूचीत जाऊन खात्री करावी, आणि तिथे दिलेल्या प्रकाशकाच्या दुव्यावरूनच नियतकालिकाच्या संकेतस्थळावर जावे, कारण प्रतिष्ठित नियतकालिकांची हुबेहूब नकली संकेतस्थळेही असतात. संपादक मंडळातील एखाद्या प्राध्यापकांना त्यांच्या संस्थेच्या पत्त्यावर ई-मेल करून ‘आपण या मंडळावर आहात का?’ असे विचारावे. मुक्त प्रवेशाची, म्हणजे कोणालाही विनामूल्य वाचता येणारी, नियतकालिके अशा नियतकालिकांच्या ‘डीओएजे’ या सूचीत शोधावीत. प्रकाशन शुल्क घेणे स्वतःत वाईट नाही. ते आधी जाहीर केलेले नसणे आणि व्यक्तीच्या खात्यावर मागितले जाणे, हे धोक्याचे लक्षण आहे.

महाविद्यालयीन चर्चासत्रांच्या विशेषांकांबाबत एवढेच सांगेन की, मुखपृष्ठावर ‘पिअर रिव्ह्यूड’ (तज्ज्ञांनी परीक्षण केलेले) छापलेले असले तरी परीक्षकाचा लेखी अभिप्राय तुमच्या हाती आला का, हे पाहावे. आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी प्रबंधापूर्वी निबंध छापण्याची सक्ती काढून टाकली आहे. आपल्या विद्यापीठाचा नियम पाहावा, आणि सक्ती नसेल तर घाईने वाईट ठिकाणी छापण्यापेक्षा थांबावे.

पाठवताना आणि परीक्षणाच्या काळात

निबंध एका वेळी एकाच नियतकालिकाकडे पाठवावा. उत्तर येत नसेल तर दुसरीकडे पाठवण्यापूर्वी पहिल्या संपादकांना लेखी कळवून निबंध मागे घ्यावा आणि त्यांची पोच जपून ठेवावी. निधी देणाऱ्या संस्थेचे नाव आणि आर्थिक किंवा व्यक्तिगत हितसंबंध जाहीर करावेत. जाहीर केलेल्या हितसंबंधामुळे निबंध सहसा नाकारला जात नाही, पण दडवलेला नंतर उघड झाला तर संपूर्ण निष्कर्षांवरचाच विश्वास उडतो. परीक्षकांची नावे सुचवायला सांगितली, तर त्यांचे संस्थेचे पत्तेच द्यावेत आणि आपल्या मार्गदर्शकांचे किंवा सहलेखकांचे नाव देऊ नये.

चॅटजीपीटीसारख्या साधनाला लेखक म्हणून दाखवता येत नाही, कारण ते जबाबदारी घेऊ शकत नाही. प्रकाशननीतीविषयीच्या ‘कोप’ या समितीची २०२३ पासून हीच भूमिका आहे. साधन वापरले असेल तर कशासाठी, ते लिहावे, आणि त्याने सुचवलेला प्रत्येक संदर्भ मूळ निबंध उघडून तपासावा, कारण अस्तित्वातच नसलेले निबंध ते बिनदिक्कत सांगते. तुम्ही स्वतः परीक्षक असाल, तर दुसऱ्याचे हस्तलिखित अशा साधनात टाकू नये. ते तुमच्याकडे विश्वासाने आलेले असते.

छापून आल्यानंतर

मूळ प्रश्नावल्या, प्रयोगवह्या आणि विश्लेषणाच्या फाइल्स जपून ठेवाव्यात. चूक आढळली तर कोणी विचारण्याची वाट न पाहता संपादकांना कळवावे : चूक कोणती, ती निष्कर्षाला बाधते का, आणि दुरुस्त आकडा काय. निष्कर्ष टिकत असेल तर शुद्धिपत्र निघते. टिकत नसेल तर निबंध मागे घ्यावा लागतो. प्रामाणिक चुकीमुळेही निबंध मागे घेता येतो आणि सूचनेत तसे कारण नमूद करण्याची विनंती करावी.

तुमचाच मजकूर दुसऱ्याने उचललेला दिसला, तर समाजमाध्यमांवर आरोप करण्यापूर्वी दोन स्तंभांचा तक्ता करावा : डावीकडे तुमचे वाक्य, पान आणि प्रकाशनाची तारीख, उजवीकडे त्यांचे. हा तक्ता आणि दोन्ही निबंधांच्या प्रती, कोणतेही विशेषण न वापरता, त्या नियतकालिकाच्या संपादकांना पाठवाव्यात. नियतकालिक ‘कोप’चे सदस्य असेल तर संपादकांनी अशा तक्रारीत कोणत्या क्रमाने पावले उचलावीत हे त्या समितीच्या ‘फ्लोचार्ट’मध्ये दिलेले आहे, त्याचा हवाला द्यावा. संपादकांनी दखल घेतली नाही, तर सदस्य नियतकालिकाविरुद्ध ‘कोप’कडे तक्रार करता येते, आणि संबंधित लेखकाच्या संस्थेतील शैक्षणिक सचोटी समितीकडेही तोच तक्ता पाठवता येतो.