पहिलं आरसी विमान घेताना या चुका टाळा

सोयाबीन निघालं, वावर मोकळं झालं, की आरसी, म्हणजे रिमोटवर उडणारं, विमान मागवायची घाई होते. आणि मागवलं जातं ते लढाऊ जेट, दिसायला भारी म्हणून. असं विमान वेगातच तरंगतं; वेग कमी झाला की पडतं. माझं पहिलं असंच गेलं. एक पंख तुरीत सापडला, मोटर धुऱ्यापाशी.

पहिलं विमान ट्रेनरच, म्हणजे शिकण्यासाठीचं, घ्या: पंख अंगाच्या वर बसवलेला, ईपीपी किंवा ईपीओ फोमचा, लांबी मीटर-सव्वा मीटर. पंखाची दोन्ही टोकं जराशी वर उचललेली असली तर कलंडलेलं विमान रिमोटची स्टिक सोडल्यावर बरंचसं स्वतःच सरळ होतं. चाकांच्या मोहात पडू नका. काळ्या मातीच्या ढेकळांत बारकी चाकं अडतात आणि विमान नाकावर पालथं होतं. चाकं काढा, हातानं सोडा, पोटावर उतरवा. सोयाबीनची धसकटं फोम फाडतात, म्हणून पोटाला जाड टेप लावा.

रिमोटमध्ये मात्र काटकसर नको. विमान मोडतं, रिमोट वर्षानुवर्षं राहतो. 2.4 गिगाहर्ट्झ, किमान 6 चॅनल (एका चॅनलवर विमानाची एक हालचाल चालते), अनेक विमानांची सेटिंग साठवणारा घ्या. रिसीव्हर, म्हणजे विमानात बसणारा, रिमोटचे संकेत घेणारा भाग, त्याच प्रोटोकॉलचा (संकेतांच्या पद्धतीचा) हवा: फ्लायस्कायच्या एफएस-आय6 रिमोटला एएफएचडीएस 2ए लागतो, ईएलआरएस या वेगळ्या प्रोटोकॉलचा रिसीव्हर त्याला बाइंड होणारच नाही, म्हणजे जोडलाच जाणार नाही. स्टिकच्या मांडणीला मोड म्हणतात; मोड 2 मध्ये थ्रॉटल, म्हणजे मोटरचा वेग, डाव्या हाताला असतो. जवळपास शिकवणारा कोणी असेल तर तो कोणत्या मोडवर उडवतो ते आधी विचारा.

सोडल्या सोडल्या विमान नाक वर काढून धपकन पडतं? बहुतेक वेळा शेपटी जड असते. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर, म्हणजे 20 सेंटीमीटर रुंद पंखाला 5 ते साडेसहा सेंटीमीटरवर, खालून दोन बोटं टेकवून उचला. शेपटी झुकली तर बॅटरी पुढे सरकवा. नाक किंचित जड चालेल, शेपटी नाही.

उडवण्याआधी दरवेळी स्टिक उजवीकडे न्या: उजव्या पंखाची पट्टी वर, डाव्याची खाली. उलटं दिसलं तर रिमोटमध्ये चॅनल रिव्हर्स करा. घरी हे तपासताना प्रोपेलर काढलेलाच असावा, तो बोट कापतो.

विमान तुमच्याकडे येत असताना डावं-उजवं उलटं होतं, तिथेच बहुतेकांचं विमान जातं. तेव्हा एवढंच करा: जो पंख खाली जातोय, त्या बाजूला स्टिक न्या. सिम्युलेटरवर हे हातात बसेपर्यंत घोटा.

लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी सेलमागे 4.2 व्होल्टला पूर्ण भरते, 3.5 च्या खाली उतरवू नका, ठेवायची तर 3.8 वर ठेवा. मे महिन्यात टिनाच्या खोलीत किंवा बंद गाडीत तर मुळीच नको, फुगते आणि पेटूही शकते.

आणि उडवा सकाळी, वारा उठायच्या आत, विजेच्या तारांपासून लांबच्या वावरात.