बाळ काचेत, आई बाहेर: घरच्यांनी नेमकं काय करावं

बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, गेलं की आपल्याकडे निरोप एका वाक्यात गावभर पोचतो, "बाळ काचेत ठेवलंय." मग जो तो बाळाचं वजन विचारतो. टाके ओले, छाती दुधाने दगडासारखी झालेली, दोन रात्री डोळा लागलेला नाही, त्या बाळंतिणीला कसं आहे हे विचारायचं मात्र राहून जातं. हे लिहिलंय ते नवरा, आई, सासू, नणंद, जाऊ यांच्यासाठी. "धीर धर" हे तिला येणाराजाणारा सांगतच असतो, ते तुम्ही सांगू नका. तिच्यामागची बाकीची कामं काढून घ्या आणि बाळाचं काम तिच्या हातात द्या.

१. आधी मायलेकरांना एका ठिकाणी आणा

राजापूर किंवा गुहागरला प्रसूती होते, बाळाला १०८ने रत्नागिरीला हलवतात आणि आई मागेच खाटेवर राहते. सिंधुदुर्गातून तर बाळ कधी कोल्हापूरला, कधी गोव्यात बांबोळीला जातं. डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारा, आईलाही तिकडे कधी हलवता येईल? तोवर बाळासोबत गेलेल्या माणसाने नर्सची परवानगी घेऊन फोटो काढावा आणि तो फक्त आईला पाठवावा. घराण्याच्या ग्रुपवर नको.

"तिला काही सांगू नका, दूध आटेल" असं वडीलधारी माणसं मायेनेच म्हणतात. पण तुमचे चेहरे तिला दिसत असतात, आणि खरं काय ते कळलं नाही की ती त्याहून वाईट कल्पना करते. डॉक्टर जे बोलले ते, तेवढंच, साध्या शब्दांत सांगा.

२. काचेपलीकडचं समजावून द्या

पहिल्यांदा आत गेल्यावर आईला बाळ दिसतच नाही, नळ्या दिसतात. पायाला लाल दिव्याची पट्टी असते ती ऑक्सिजन मोजते. तोंडातून गेलेली बारीक नळी दुधाची. निळा दिवा काविळीसाठी. मॉनिटर पुष्कळदा बाळाने पाय हलवल्यानेही वाजतो. हे सगळं नर्सकडून तिच्यासमोरच विचारून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी आवाज झाला की तिच्या पोटात गोळा येणार नाही.

वजनाचंही तसंच. पहिल्या आठवड्यात ते थोडं उतरतं, जन्माच्या वजनावर परत यायला साधारण दोन आठवडे लागू शकतात. हे आधी ठाऊक नसलं की "चाळीस ग्रॅम कमी झालं" ऐकून बाई दिवसभर जेवत नाही. एक वही ठेवा, त्यात डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहा. राउंडला एकच ठरलेला माणूस बोलेल, पण आई शेजारी हवी. तिला वगळून कॉरिडॉरमध्ये कुजबुज नको. बिलाची चर्चाही तिच्या खाटेजवळ नको. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत असतात, खासगीत असाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेची माहिती देणाऱ्या माणसाला) लगेच विचारा.

३. तिला बाळाचं काम द्या

हा सगळ्यांत मोठा भाग. बाळ दुसऱ्यांच्या हातात आणि आपण नुसत्या बाकावर, ही भावनाच बाईला आतून पोखरते.

दूध काढणं हे तिचंच काम. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पहिल्या दिवशी स्टीलच्या वाटीच्या तळाला जेमतेम दहा-बारा पिवळसर थेंब जमतात, आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी डोकावून म्हणतं, "एवढंच?" ते थेंब बाळासाठी मोलाचे असतात, डॉक्टर ते सिरिंजने ओढून घेतात. वाटी धुवून उकळून देणं, पाठीला उशी लावणं, दार ओढून घेणं ही तुमची कामं. मापं मोजू नका.

डॉक्टरांनी हो म्हटलं की कांगारू पद्धत. फक्त टोपी, मोजे, लंगोट घातलेलं बाळ आईच्या उघड्या छातीवर उभं धरायचं, वरून कापड बांधायचं. अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये दिवसाला ८ ते २४ तास, जमेल तितक्या लवकर, अशी शिफारस केली आहे. तो ऊबदार गोळा छातीवर श्वास घ्यायला लागला की पुष्कळ आयांना पहिल्यांदाच हे मूल आपलं वाटतं. आई थकली तर वडिलांनी शर्टाची बटणं सोडून बसावं. मुंबईहून रजा काढून आलेल्या चाकरमान्याला बाहेर चहाच्या टपरीवर उभं राहण्यापेक्षा हे बरं.

४. तोंडं आवरा

"आठव्यातलं टिकत नाही, सातव्यातलं टिकतं" हे वाक्य अजून ऐकू येतं. साफ चूक आहे. पोटात जितके दिवस जास्त, तितकी फुप्फुसं तयार. "ग्रहणात बाहेर गेली असेल", "नवस राहिला असेल" हेही तिच्या कानावर पडू देऊ नका. देवाला गाऱ्हाणं घालायचं तर जरूर घाला, पण त्यात तिचा दोष काढू नका. पाचवी, बारसं कधी करायचं ते तिला विचारा. फोन दुसऱ्याने घ्यावेत आणि संध्याकाळी सगळ्यांना एकच निरोप पाठवावा.

खाण्याचं सोपं ठेवा, उकड्या तांदळाची पेज, डाळ-भात, भाजी, वेळेवर. आणि सलग चार तास झोप. त्यासाठी रात्रीच्या एका वेळचं दूध आधी काढून नर्सकडे देता येईल का ते विचारा.

५. पंधरा दिवसांनंतर नीट बघा

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रडू येणं, चिडचिड होणं पुष्कळ बाळंतिणींत दिसतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. ओसरलं नाही तर ते आजारपण समजा. बाळाकडे जायला टाळते, जाऊन आली तरी चेहरा कोरा, "माझ्यामुळेच झालं" हेच परत परत, बाळ सुरक्षित असूनही झोप लागत नाही, मॉनिटरचा आवाज घरीही ऐकू येतो. अशा वेळी बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची दहा प्रश्नांची एडिनबर्ग प्रश्नावली डॉक्टरांकडून भरून घ्या. स्तनपान चालू ठेवून घेता येतात अशी औषधं आहेत, म्हणून "दुधात औषध जाईल" या भीतीने थांबू नका आणि आपल्या मनाने बंदही करू नका.

टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ असतात, रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे.

रात्र रात्र झोपत नाही तरी थकत नाही, नसलेले आवाज ऐकू येतात, भलतंच बोलते, स्वतःला किंवा बाळाला काही करण्याचा विचार बोलून दाखवते, तर क्षणभरही एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. भगताकडे जाऊन वेळ घालवायची ही वेळ नाही.

६. घरी जाताना

डिस्चार्जच्या दिवशी घरचे पेढे वाटतात आणि तिचे हात थरथरतात, कारण आता मॉनिटर नाही. शक्य असेल तर आधीचे एक-दोन दिवस आईला वॉर्डमध्ये बाळाजवळ राहू द्या, नर्स हाकेच्या अंतरावर असताना सगळं तिनेच करावं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची डोळ्यांच्या पडद्याची तपासणी साधारण महिन्याचं होईपर्यंत करावी लागते, ती तारीख लिहून घ्या. पावसाळ्यात घाट बंद पडतो, लाईट जाते. म्हणून तपासणीला आदल्या दिवशीच निघा, आणि लाईट नसली तरी बाळ छातीशी धरलं की ऊब राहते. बाळ दूध ओढेनासं झालं, अंग गार पडलं, श्वास जोरात चालला तर थांबायचं नाही.

आशाताई घरी येतात त्या बाळाचं वजन घेतात. तेवढ्यात तुम्हीच सांगा, "ताई, हिचीही झोप, जेवण बघा."