ओपनसिममधली गॅलरी अडखळत होती, चित्रांचे पिक्सेल कमी केल्यावर सुटली

ओपनसिममध्ये (आभासी थ्रीडी जग चालवणारं सॉफ्टवेअर) उभारलेल्या चित्रांच्या गॅलरीत शिरलं की चित्रं बराच वेळ करडी राहायची आणि कॅमेरा वळवला की दृश्य अडकायचं. बाहेर मैदानात मात्र सगळं सुरळीत.

ड्रॉ डिस्टन्स (किती लांबपर्यंतचं दिसावं ते अंतर) कमी केला, कॅशे (साठवलेल्या तात्पुरत्या फाइली) साफ केली, पीएनजीऐवजी जेपीजी चढवल्या. काडीचा फरक नाही. जाम वैताग आला.

जेपीजीने फाइल लहान होते, पण ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत चित्र उलगडूनच बसतं. दर पिक्सेलला ४ बाइट धरले तर १०२४ × १०२४ चं चित्र ४ एमबी खातं, ५१२ × ५१२ चं १ एमबी. म्हणजे कापायचे ते पिक्सेल.

लागू पडलं ते असं. गिंप या चित्रसंपादकात मूळ फाइलची प्रत उघडली. 'लेयर', 'ट्रान्सपरन्सी' या वाटेने अल्फा चॅनल काढला (भिंतीवरच्या चित्राला पारदर्शकता हवीये कुणाला?). मग 'स्केल इमेज'मध्ये रुंदी-उंचीची साखळी तोडून दोन्हीकडे ५१२. चित्र चेपलेलं दिसतं, घाबरू नका. प्रिमची (ज्या ठोकळ्यावर चित्र लावतो त्याची) रुंदी-उंची मूळ प्रमाणात ठेवली की ते सरळ दिसतं. नावाच्या पाट्यांना २५६ × ६४ पुरे. पीएनजी एक्स्पोर्ट केली, फायरस्टॉर्ममधून (या जगात शिरायचं ॲप) अपलोड केली आणि 'सिलेक्ट फेस' वापरून फक्त पुढच्या बाजूला लावली. बाकीच्या बाजूंना 'ब्लँक'. शेवटी लॉगआउट करून परत आलो आणि कंट्रोल-शिफ्ट-१ दाबून एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम दिसतात तो आकडा) पाहिला. आता मान वळवली तरी आकडा कोसळत नाही.

दारासमोरचं मोठं चित्र तेवढं १०२४ वरच ठेवलंय, ते लोक अगदी जवळ जाऊन बघतात.