भूगोल-इतिहासाचा ऑनलाइन गृहपाठ: या चुका टाळा

सामाजिक शास्त्रांचा गृहपाठ गुगल क्लासरूमवर किंवा वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर देणं आता शाळेच्या अंगवळणी पडलंय. लॉकडाऊन संपला तरी सवय राहिली, आणि त्यात वाईट काही नाही. पण वहीतला प्रश्न जसाच्या तसा ग्रुपवर टाकला की काय होतं, ते तपासायला बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे: चाळीस पोरांची एकच उत्तरपत्रिका. हा लेख त्या तपासणाऱ्यांसाठी. उदाहरणं बहुतेक राज्य मंडळाच्या नववी-दहावीची आहेत, पण सातवी-आठवीला शिकवणाऱ्यांनाही ती चालतील.

फोनवरच उत्तर मिळेल असा प्रश्न देणे

‘ब्राझीलच्या हवामानाची वैशिष्ट्ये लिहा.’ प्रश्नात चूक काही नाही, फक्त तो आता मुलाला विचारलेला राहत नाही. प्रश्नाचा फोटो काढायचा, व्हॉट्सॲपमध्येच बसलेल्या मेटा एआयला द्यायचा, उतरवून काढायचं. ओरडून हे थांबत नाही. प्रश्नात मुलाचं गाव, घर किंवा आजचा दिवस आला की मात्र फोन अडतो. दहावीच्या भूगोलाचा पहिला पाठच ‘क्षेत्रभेट’ आहे. पुस्तकानेच दिलेली ही सूट आपण वापरत नाही आणि क्षेत्रभेटीची प्रश्नावलीसुद्धा तयार पीडीएफ करून ग्रुपवर टाकतो.

हवामानाचाच धडा घ्या. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मंडळनिहाय पाऊस मिळतो. प्रत्येकाने आपल्या महसूल मंडळाचा (तालुक्यातल्या काही गावांच्या गटाचा) जुलैचा पाऊस काढायचा, शेजारच्या मंडळाचा काढायचा आणि फरक का, ते घरातल्या शेती करणाऱ्या माणसाला विचारून लिहायचं. वाई आणि महाबळेश्वर यांच्यात रस्त्याने तीसेक किलोमीटर अंतर. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वाईला हजाराच्याही आत. पर्जन्यछाया, म्हणजे डोंगराआडचा कमी पावसाचा पट्टा, असे दोन मंडळांचे आकडे शेजारी ठेवल्यावर कळते. मग ब्राझीलकडे जा. तिथल्या ब्राझील उच्चभूमीमागचा अवर्षण चतुष्कोण पोरांना आपोआप ओळखीचा वाटतो.

दशांश अंश आणि मिनिटे यांची सरमिसळ

ऑनलाइन भूगोलातली ही सर्वांत जास्त आढळणारी आणि सर्वांत कमी पकडली जाणारी चूक. पुस्तकात अक्षांश-रेखांश अंश-मिनिटांत असतात. गुगल मॅप्सवर बोट दाबून धरलं की येतात दशांशात. पुण्यासाठी फोन दाखवतो १८.५२ आणि ७३.८६. मुलगा लिहितो १८° ५२′ उ. आणि ७३° ८६′ पू. आपण ‘१८, ७३… बरोबर’ म्हणून टिक करतो.

आता हे नीट बघा. एका अंशात ६० मिनिटं, म्हणून ०.५२ गुणिले ६० म्हणजे ३१. पुणे १८° ३१′ वर आहे. मुलाने लिहिलेलं १८° ५२′ हे २१ मिनिटं उत्तरेला पडतं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर, तेव्हा पुणे जवळजवळ ३९ किलोमीटर सरकलं आणि थेट राजगुरुनगरच्या अक्षांशावर जाऊन बसलं! रेखांशातली चूक तर उघडीच आहे. मिनिटं साठच्या पुढे जातच नाहीत, त्यामुळे ८६′ दिसलं की समजायचं, टिंबाचा घोळ झालाय. पंचाईत होते ती टिंबानंतरचा आकडा साठच्या आत असतो तेव्हा. चूक दिसत नाही, पण असते.

उपाय साधा आहे. उत्तर दोन्ही रूपांत मागवा आणि गुणाकार दाखवायला लावा. एवढं केलं तरी अर्धी तपासणी वाचते.

प्रमाण शब्दांत लिहून नकाशा स्क्रीनवर देणे

‘१ सेमी = ५ किमी’ लिहिलेला नकाशा पीडीएफ करून पाठवला आणि पट्टीने अंतर मोजायला सांगितलं, की सगळ्यांची उत्तरं वेगळी येतात. कोणाचा फोन साडेपाच इंची, कोणाचा सात. कोणी चिमटीने झूम केलंय, कोणी झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढलीय आणि त्याने ‘फिट टू पेज’ केलंय. शब्दप्रमाण आणि अंकप्रमाण (१:५०,००० सारखं) छापील कागदासाठी आहेत. आकार बदलला की दोन्ही खोटी पडतात. नकाशाबरोबर ताणली-आकसली जाते ती फक्त रेषाप्रमाणाची पट्टी, म्हणून स्क्रीनवरच्या नकाशावर तीच हवी.

खरं तर ही अडचणच उत्तम स्वाध्याय आहे. एकच नकाशा तीन झूमवर उघडून रेषाप्रमाणाची पट्टी मोजायला सांगा. प्रमाणाचं प्रकरण पुन्हा शिकवावं लागत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचं १:५०,००० चं स्थलनिर्देशक पत्रक (टोपोशीट) देणार असाल, तर पाचशे मीटरला एक सेंटीमीटर हे गणित फोनवर करायला लावू नका.

जुने किंवा परदेशी नकाशा-आराखडे

‘भारताचा नकाशा’ असा शोध घेतला की पहिल्या रांगेत येतं ते सगळं वापरण्याजोगं नसतं. मुलांकडून आलेल्या नकाशात चटकन तीन गोष्टी बघाव्यात: तेलंगण आहे का (२ जून २०१४), लडाख वेगळा दाखवलाय का (३१ ऑक्टोबर २०१९), आणि महाराष्ट्राचा नकाशा असेल तर पालघर आहे का (१ ऑगस्ट २०१४). यातलं एक जरी नसलं तरी आराखडा बाद. उत्तरेकडची सीमा परदेशी संकेतस्थळांवर आपल्या अधिकृत नकाशाप्रमाणे नसते, आणि देशाची बाह्यसीमा चुकीची छापणं हा आपल्याकडे कायद्याने गुन्हा आहे. नववीच्या मुलाला काय बोलणार, पण शाळेच्या अंकात तो नकाशा गेला तर जबाबदारी आपली. सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर आराखडे मिळतात. एक उतरवून घ्या आणि वर्षभर तोच ग्रुपवर पिन करून ठेवा.

आकड्यांचंही तेच. भारत-ब्राझील लोकसंख्येची तुलना करताना मुलं भारताची २०११ ची जनगणना घेतात आणि ब्राझीलची २०२२ ची. मध्ये अकरा वर्षं गेली, याचा पत्ता नसतो. कोणी तर एका देशाचा जनगणनेचा आकडा आणि दुसऱ्याचा दर सेकंदाला हलणाऱ्या संकेतस्थळावरचा अंदाज घेतो. ब्राझीलची २०१० ची जनगणना साधारण १९ कोटींची, २०२२ ची २० कोटींच्या थोडी पुढे. भारताच्या २०११ च्या १२१ कोटींशेजारी २०१० चाच आकडा ठेवावा. प्रत्येक आकड्यापुढे कंसात साल लिहिल्याशिवाय गुण नाहीत, असा नियमच करून टाका.

आराखडा भरणं मात्र कागदावरच ठेवा. ॲपमध्ये नावाची पट्टी ओढून नकाशावर सोडणं पोरांना आवडतं, पण बोर्डाच्या पेपरात पेन्सिल असते, सूची स्वतः तयार करायची असते आणि सोडलेली पट्टी आपोआप योग्य जागी चिकटत नाही.

सावलीचा प्रयोग फसतो तो कुठे

ऑनलाइन असण्याचा भूगोलाला एक खरा फायदा आहे: दोन लांबच्या शाळा एकाच दिवशी एकच मोजमाप करू शकतात. रत्नागिरी साधारण ७३.३° पूर्वेला आहे, चंद्रपूर ७९.३° वर. सहा अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं, म्हणजे चंद्रपूरची खरी दुपार (सूर्य सर्वांत वर असण्याची वेळ) रत्नागिरीच्या चोवीस मिनिटं आधी. दोन्हीकडे काठी रोवून सावली मोजायची, वेळ ग्रुपवर टाकायची. हे उत्तर कोणत्याही ॲपकडून उतरवायची गरजच पडत नाही.

पण निकाल बरेचदा विचित्र येतो, कारण मुलं ‘सर्वांत लहान सावली’ शोधत बसतात. माध्यान्हीच्या आसपास सावलीची लांबी इतकी हळू बदलते की दहा-पंधरा मिनिटं ती तेवढीच दिसते. त्यापेक्षा साडेअकराला सावलीच्या टोकावर खूण करा, लांबी मोजा आणि दुपारी सावली पुन्हा तेवढीच कधी होते त्याची वेळ घ्या. दोन्ही वेळांचा मध्य म्हणजे स्थानिक मध्यान्ह. काठी ओळंब्याने सरळ हवी, जमीन सपाट हवी. गच्ची चालेल, उताराचं अंगण नाही. मे महिन्यात हा प्रयोग घेऊ नका. तेव्हा आपल्याकडे शून्य सावलीचे दिवस असतात आणि मोजायला सावलीच उरत नाही. डिसेंबरचा शेवटचा आठवडा उत्तम, सावली लांब असते. शिवाय त्या दिवसांत घड्याळ आणि सूर्य यांच्यातला वर्षभर कमी-जास्त होणारा फरक जवळपास शून्यावर येतो आणि आपलं घड्याळ ८२.५° पूर्वेच्या वेळेवर चालतं, त्यामुळे रत्नागिरीला १२ वाजून ३७ च्या आणि चंद्रपूरला १२ वाजून १३ च्या जवळ उत्तर यायला हवं. दोन-तीन मिनिटं इकडेतिकडे झाली तर सोडून द्या. नेमकं १२:३७ लिहून आणणाऱ्याला मात्र खुणांचा फोटो मागा.

इतिहासात ‘कारणे व परिणाम’

‘१९७२ च्या दुष्काळाची कारणे व परिणाम लिहा’ असं विचारलं की विकिपीडिया उत्तर देतो. ‘घरातल्या किंवा गल्लीतल्या सत्तरीच्या माणसाला विचारा: तेव्हा तुम्ही काय खाल्लं?’ असं विचारलं की दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी येते, लाल मिलो (आयात केलेली लाल ज्वारी) येतो, खडी फोडायला गेलेली आई येते, आठवड्याचा पगार येतो. रोजगार हमी योजनेचं मूळ तिथूनच शोधता येतं.

या मुलाखतींत चूक होते ती प्रश्नावलीत. ‘दुष्काळाचा समाजजीवनावर काय परिणाम झाला?’ हा प्रश्न आजीला विचारायचा नसतो. ती म्हणते, ‘लई हाल झाले बाबा’, आणि मुलाखत तिथेच संपते. ‘आजी, पाणी कुठून आणायचीस? कामावर कोण कोण जायचं? पगार कशात मिळायचा, पैशात की धान्यात? जनावरांचं काय केलं?’ असे हाताला लागणारे प्रश्न द्या. आणि मुलाने आजीचं बोलणं तिच्याच बोलीत उतरवलं असेल तर ते ‘शुद्ध’ करायला लावू नका. लाल पेन खाली ठेवा.

दुसरी चूक, एकच प्रसंग सगळ्यांना देणं. कोयनेच्या परिसरात ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप, पुण्यात १२ जुलै १९६१ ची पानशेत धरणफुटी, लातूर-धाराशिवकडे ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, मुंबईत २६ जुलै २००५ चा पूर. ज्याच्या त्याच्या भागातलं घ्या. किल्लारीच्या बाजूला हा स्वाध्याय देण्याआधी मात्र घरांची माहिती काढा. कोणाच्या घरात कोण गेलं, हे मुलाला माहीत नसतं आणि गृहपाठासाठी ते उकरणं बरं नाही. रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारून, आणि ते वर्गाच्या ग्रुपवर टाकायचं नाही, फक्त शिक्षकांकडे.

वीरगळ (वीराच्या स्मरणार्थ कोरलेला दगड) किंवा शिलालेखाचा फोटो मागवत असाल तर एक सूचना ठळक अक्षरांत द्या: दगडाला काहीही लावायचं नाही. अक्षरं उठून दिसावीत म्हणून पीठ, हळद, खडू चोळणारे मोठेही आहेत, मुलं त्यांचंच बघून करतात. सकाळच्या तिरप्या उन्हात काढा, नाहीतर दुसऱ्या फोनचा टॉर्च दगडाच्या एका बाजूने आडवा धरा. झिजलेली अक्षरंही सावलीमुळे वर येतात.

ज्यांना आणखी हौस आहे त्यांनी जुनी जिल्हा गॅझेटिअर (ब्रिटिश काळातली जिल्ह्यांच्या माहितीची सरकारी पुस्तकं) बघावीत. सातारा आणि पुण्याची १८८५ ची आहेत, रत्नागिरीचं १८८० चं, आणि ती ऑनलाइन वाचता येतात. इंग्रजी जड आहे, त्यामुळे अख्खं पुस्तक मुलांवर टाकू नका. आपल्या गावाचा परिच्छेद काढा, मराठीत सांगा आणि विचारा: तेव्हाच्या आठवडे बाजाराचा वार आजही तोच आहे का?

फॉर्म, फॉन्ट आणि फाइल

प्रश्नपत्रिका श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली असेल तर वर्ड फाइल पाठवू नका. मुलाच्या फोनवर ती अगम्य चिन्हं होऊन उघडते. युनिकोडमध्ये टाइप करा, नाहीतर निदान पीडीएफ.

गुगल फॉर्मची चाचणी आपोआप तपासली जाते, पण मराठी लघुत्तराला ती फार कठोर आहे. ‘ब्राझील’ आणि ‘ब्राझिल’, ‘सह्याद्री’ आणि ‘सह्याद्रि’ त्याच्या लेखी वेगळे शब्द. देवनागरीत १९६० लिहिलं आणि उत्तरसूचीत इंग्रजी आकडे असले तर शून्य गुण. उत्तरसूचीत एकापेक्षा जास्त बरोबर उत्तरं घालता येतात. दोन्ही आकडे आणि संभाव्य लेखनं घालून ठेवा. शक्य असेल तिथे सरळ पर्याय द्या.

फाइल अपलोडचा प्रश्न ठेवला की मुलाला जीमेलने लॉगिन करावं लागतं, आणि फोन वडिलांचा असल्याने गृहपाठही वडिलांच्याच नावाने येतो. म्हणून हजेरी क्रमांक आणि तुकडी हे पहिले दोन प्रश्न सक्तीचे करा. शिवाय ते सगळे फोटो तुमच्या ड्राइव्हवर जमतात. फुकटची १५ जीबी जागा दोन-तीन तुकड्यांचे नकाशे सहज खातात, तेव्हा सत्र संपलं की रिकामी करा. व्हॉट्सॲपवर मागवत असाल तर नकाशा ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. साध्या फोटोत फिक्या रंगपेन्सिलीची छटा आणि बारीक नावं दोन्ही जातात.

मुदत रात्री दहाची ठेवा, संध्याकाळी पाचची नाही. बऱ्याच घरांत फोन बाबांबरोबर कामावर गेलेला असतो आणि सात-आठला परत येतो. ज्या घरात फोनच नाही त्याला तोच स्वाध्याय वहीत करू द्या, आणि तो दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांदेखत मागू नका.

शेऱ्याबद्दल एकच. ‘छान’, ‘उत्तम’ आणि अंगठ्याची इमोजी यातून मुलाला काही कळत नाही. चाळीस जणांना लिहीत बसायला वेळ नसेल तर वीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज पाठवा: ‘दिशादर्शक बाण राहिलाय, सूचीत नदीचा रंग वेगळा आणि नकाशात वेगळा आहे, आजीने सांगितलेल्या विहिरीचं नाव लिहून परत पाठव.’