पुन्हा वापरता येणारी प्रेस-ऑन नखे: घरच्या घरी बसवण्याची आणि उतरवण्याची रीत

प्रेस-ऑन नखांचा, म्हणजे आपल्या नखांवर चिकटवायच्या तयार कृत्रिम नखांचा, संच पुढच्या खेपेला वापरता येईल की नाही, याचा निकाल बहुतेक वेळा ती बोटांवरून उतरवताना लागतो. बसवण्याचे काम हौसेने, दिव्याखाली, नीट मांडामांड करून केले जाते; उतरवण्याचे काम मात्र कुठेतरी कंटाळून, घाईत, दुसरे काही करता करता उरकले जाते. माझा पहिला संच मी फोनवर बोलता बोलता एकेक नख उचकटून काढला होता. नंतर ती नखे उलटी करून पाहिली, तेव्हा अंगठ्याच्या प्लॅस्टिकच्या नखाला माझ्याच नखाचा पांढरट पापुद्रा चिकटलेला दिसला. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते, त्यामुळे ते पातळ झालेले अंगठ्याचे नख पूर्ण वाढून जाईपर्यंत कित्येक महिने कागदासारखे वाकत राहिले. म्हणून या लेखात बसवण्याची प्रत्येक पायरी पुढच्या उतरवण्यावर लक्ष ठेवून सांगितली आहे.

संच निवडणे आणि मापे जुळवणे

बाजारात मिळणारी बहुतेक प्रेस-ऑन नखे एबीएस नावाच्या कडक प्लॅस्टिकची असतात, तर काही मऊ जेलची असतात. एका संचात बहुधा २४ किंवा ३० नखे येतात, म्हणजे दहा बोटांना पुरून बरीच उरतात, कारण त्यात निरनिराळी मापे घातलेली असतात. ० किंवा १ पासून सुरू होणारा मापाचा आकडा बहुधा नखाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत उमटवलेला असतो, आणि आकडा जितका लहान तितके नख रुंद असते. पुन्हा वापरायचे असेल तर अगदी पातळ, दोन बोटांत दाबताच चेपणारी नखे घेऊ नयेत. ती पहिल्याच खेपेला काढताना मधोमध चिरतात. लांबीच्या बाबतीत नवख्या माणसाने आखूड आणि टोकाला गोलसर आकार घ्यावा. नख जितके लांब, तितका त्याच्या टोकाला बसलेला धक्का तरफेसारखा मुळाशी पोचतो आणि तिथली पकड सुटते.

गोंदाला हात लावण्याआधी सर्व दहा नखे कोरडीच बोटांवर ठेवून पाहावीत. नखाची रुंदी डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत बरोबर भरली पाहिजे, पण बाजूच्या कातडीवर चढता कामा नये. माप दोन आकड्यांच्या मध्ये पडत असेल, तर मोठे घेऊन त्याच्या कडा फाइलने थोड्या घासाव्यात. लहान नख ताणून बसवले की ते कडेने उचलले जाते. रुंदीइतकीच वळणाकडेही नजर हवी. सपाट नखावर खूप गोलाई असलेले प्रेस-ऑन दाबून बसवले, तर ते आपल्या मूळ वळणाकडे परत जाऊ पाहते आणि दोन दिवसांत कडा सुटतात. दोन्ही हातांची मापे सारखीच असतील असे धरून चालू नये. जुळलेली नखे अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ओळीने मांडून ठेवावीत आणि प्रत्येक बोटाचा आकडा कागदावर लिहून ठेवावा. हा कागद पुढे प्रत्येक संचाला उपयोगी पडतो.

टॅब की गोंद

दोन्ही बाजूंनी चिकटणारे पारदर्शक टॅब एक ते तीन दिवस नीट धरतात, आणि नखांना सर्वात कमी त्रास देऊन निघतात. नेल ग्लू साधारण आठवडाभर, जपले तर दोन आठवडेही टिकतो. एखाद्या समारंभापुरती नखे हवी असतील तर टॅबच वापरावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. संच पाच-सहा वेळा सहज फिरतो तो त्यांच्यामुळेच. टॅब नखापेक्षा किंचित लहान घ्यावा, कारण कडेने बाहेर आलेल्या टॅबला धूळ आणि केस चिकटतात.

नेल ग्लू हा सायनोअॅक्रिलेट जातीचा, म्हणजे घरातल्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्याच कुळातला असतो. पृष्ठभागावरच्या आणि हवेतल्या सूक्ष्म ओलाव्याने तो घट्ट होतो. म्हणूनच त्याचा पातळ थर क्षणात धरतो, तर जाड थर आतून बराच वेळ ओला राहतो, आणि जास्त गोंद लावल्याने पकड वाढत नाही, फक्त काढण्याचे काम वाढते. हा गोंद कापसावर किंवा सुती कापडावर सांडला तर वेगाने तापतो आणि त्याने चटका बसू शकतो, त्यामुळे सांडलेला गोंद कापसाच्या बोळ्याने टिपू नये. बोटे एकमेकांना चिकटली तर ओढाताण न करता कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून हळूहळू सोडवावीत. डोळ्यात थेंब गेला तर भरपूर पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे.

नखांची तयारी

जुने नेलपॉलिश पूर्ण काढावे, हात साबणाने धुवावेत आणि नीट कोरडे करावेत. नखे पाण्यात भिजवून तयारी करण्याची सवय इथे नडते. नख पाणी शोषून किंचित पसरते, आणि सुकल्यावर पुन्हा आक्रसते; ओल्या नखावर बसवलेले प्रेस-ऑन या आक्रसण्यातच सैल होते. अंघोळीनंतर किंवा भांडी घासल्यानंतर लगेच हे काम काढू नये.

नखाच्या मुळाशी एक पातळ, मृत, पारदर्शक कातडी नखावर पसरलेली असते. तीच क्युटिकल. लाकडी काडीच्या चपट्या टोकाने ती हलकेच मागे सारावी, पण कापू नये. ही कातडी राहिली की गोंद नखाऐवजी तिच्यावर धरतो आणि ती सुटली की नखही सुटते. त्यानंतर मऊ बफर, म्हणजे नख हलके घासण्याचा ठोकळा, एका दिशेने दोन-तीन वेळा, फक्त चमक जाण्यापुरता फिरवावा. नख घासून पातळ करणे हा उद्देश नाही. प्रकाशात धरल्यावर ते मंद दिसले की थांबावे. शेवटी धागे न सुटणाऱ्या कपड्याच्या तुकड्यावर अल्कोहोल घेऊन प्रत्येक नख पुसावे. त्या क्षणापासून क्रीम, तेल, केस किंवा चेहरा यांना हात लावायचा नाही. प्रेस-ऑनची आतली बाजूही तशीच पुसावी, कारण त्यावर आपल्याच बोटांचा तेलकटपणा बसलेला असतो. नखाभोवती जखम, सूज किंवा बुरशीचा संसर्ग असेल तर तो बरा होईपर्यंत हा बेत पुढे ढकलावा.

बसवणे

एका वेळी एकच नख घ्यावे. गोंदाचा एक छोटा थेंब आपल्या नखावर आणि अगदी पातळ थर प्रेस-ऑनच्या आत द्यावा. प्रेस-ऑन साधारण ४५ अंशांच्या कोनात धरून त्याची मागची कड क्युटिकलच्या रेषेला, कातडीला स्पर्श न करता टेकवावी, आणि मग ते पुढे टोकाकडे हळूहळू आडवे करत यावे. असे केल्याने मधली हवा पुढून बाहेर पडते. पारदर्शक नख असेल तर हे डोळ्यांना दिसते: गोंद मुळाकडून टोकाकडे ओल्या डागासारखा सरकत जातो, आणि मध्ये हवा अडकली तर तिथे पांढरट बुडबुडा राहतो. बुडबुडा दिसताच, गोंद धरण्याआधी, त्या जागी दाब द्यावा. मग ३० ते ६० सेकंद मधोमध आणि दोन्ही कडांना सारखे दाबून धरावे. कातडीवर आलेला गोंद लगेच लाकडी काडीने काढावा.

उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी डाव्या हाताची चार बोटे आधी, मग उजव्या हाताची चार बोटे, आणि दोन्ही अंगठे अगदी शेवटी घ्यावेत. अंगठ्याला लांब नख आले की बारीक वस्तू उचलणे किती अवघड होते, हे पहिल्याच वेळी कळते. सर्व काम रात्री, झोपण्यापूर्वी करणे उत्तम, म्हणजे पुढचे काही तास पाण्याशी गाठ पडत नाही. आकार घासायचा असेल तर गोंद पक्का झाल्यावर घासावा.

वापरताना

डबे आणि झाकणे नखाच्या टोकाने उघडू नयेत, भांडी घासताना हातमोजे घालावेत, आणि उघड्या ज्योतीजवळ जपून वावरावे, कारण ही नखे प्लॅस्टिकची आहेत. एखाद्या नखाची कड उचललेली दिसली तर वरून गोंद भरून ती बंद करण्याचा मोह टाळावा. त्या फटीत पाणी साचते, आणि त्या ओलाव्यात जंतू वाढून खालचे नख हिरवट पडू शकते. ते नख पूर्ण काढावे, दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ आणि कोरडे करावेत आणि मगच पुन्हा बसवावे. खाज, लाली किंवा पुरळ आल्यास सर्व नखे काढून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. गोंदातल्या अॅक्रिलेटची अॅलर्जी अशीच सुरू होते. शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर आधीच नखे उतरवून जावे, कारण रक्तातील ऑक्सिजन मोजणारा चिमटा बोटाच्या नखावरूनच वाचन घेतो.

उतरवणे

यासाठी अर्धा तास राखून ठेवावा. एका वाटीत सोसेल इतके कोमट पाणी घ्यावे, त्यात थोडा सौम्य साबण आणि चमचाभर कोणतेही तेल घालावे, आणि दहा ते पंधरा मिनिटे बोटे बुडवून ठेवावीत. पाणी थंड झाले तर बदलावे. कढत पाण्याने काम लवकर होईल असे वाटते, पण त्याने बोटे भाजतात आणि नखांचे वळणही बिघडू शकते. आता लाकडी काडीचे चपटे टोक नखाच्या बाजूच्या कडेखाली घालून अगदी हलकेच सरकवावे. नख तयार असेल तर काडी अडखळत नाही आणि कड आपोआप वर येते. अडखळली तर जोर न लावता तेलाचा एक थेंब त्या फटीत सोडावा आणि बोट पुन्हा पाण्यात घालावे. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, असे आळीपाळीने सैल करत आणावे. पुढच्या टोकापासून मागे उलटवले की तरफेचा सगळा भार आपल्या नखाच्या पापुद्र्यावर येतो, म्हणून तसे कधीही करू नये.

अॅसिटोनचा मार्ग झटपट आहे, पण ते एबीएस प्लॅस्टिकला विरघळवते आणि वरचा रंगही खाते. त्यात बुडवलेला संच पुन्हा वापरण्याजोगा राहत नाही. प्रेस-ऑन निघाल्यानंतर आपल्या नखावर उरलेला गोंद काढण्यासाठी मात्र ते, आगीपासून दूर बसून, बेताने वापरता येते. त्यानंतर हात धुऊन नखांना आणि भोवतीच्या कातडीला तेल चोळावे आणि नव्या संचाआधी नखांना काही दिवस मोकळे राहू द्यावे.

पुढच्या खेपेसाठी ठेवणे

निघालेल्या नखांच्या आतला मऊ पडलेला गोंद बोटाने किंवा काडीने सोलून काढावा, उरलेला बारीक फाइलने घासावा आणि आतली बाजू अल्कोहोलने पुसावी. टॅब वापरले असतील तर ते एका कोपऱ्यातून गुंडाळत आणले की सबंध निघतात. आत गोंदाचा उंचवटा राहिला तर पुढच्या वेळी नख टेकणार नाही, म्हणून बोट फिरवून गुळगुळीतपणा तपासावा. चीर गेलेले किंवा कडा वाकलेले नख टाकून द्यावे. आपली नखे दुसऱ्या कोणाला देऊ नयेत. पूर्ण सुकल्यावर ती मूळ डब्यात आपापल्या आकड्याच्या जागी ठेवावीत. एखादे हरवलेच, तर उरलेल्या नखांत त्याच मापाचे बहुधा सापडते. ते न मिळाल्यास उरलेल्यांतली दोन नखे वेगळ्या रंगाने रंगवून दोन्ही अनामिकांसाठी त्यांचाच जोड करून टाकावा आणि अनामिकेचे सुटे झालेले नख, कडा थोड्या घासून, हरवलेल्याच्या जागी बसवावे.