नागपुरात लाकडी नौका दुरुस्तीला घेताय? आधी तिला पाणी पाजा

नागपूरला समुद्र नाही, तेव्हा इथे नौकेचं काम कसलं शिकणार, असं मला सुरुवातीला भेटेल तो सांगायचा. शिकता येतं. लकडगंजात एका रस्त्यावर जेवढं सागवान आणि जेवढे जाणते सुतार भेटतात, तेवढे किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावांतही भेटणार नाहीत. मी नेव्हल एनसीसीत असताना अंबाझरी तलावावर पहिल्यांदा सुकाणू धरलं. पुढे लाकूडकाम शिकलो आणि दोन वर्षांनी एक अठरा फुटी जुनी सागवानी शिडाची नौका माझ्या ताब्यात आली. तिच्यावर माझी चूक कुठे झाली ते सविस्तर सांगतो, कारण नवीन येणारा प्रत्येक जण त्याच जागी अडखळतो.

नौका मुंबईहून ट्रकने आली ती एप्रिलच्या शेवटी. हिंगण्याजवळ टिनाच्या शेडखाली ठेवली. लाकडी डोलकाठी कुजली होती, सुती शिडं फाटली होती. मालकांशी बोलून ठरवलं: सांगाडा जुनाच ठेवायचा, वर अ‍ॅल्युमिनियमची डोलकाठी, तिला ताणून धरणाऱ्या स्टेनलेसच्या तारा, पॉलिएस्टरचं शीड. यात काही लोकांना पाप वाटतं, मला वाटत नाही. नौका जगते ती वापरल्याने.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ भाजून काढणारे दिवस, लागला तोवर फळ्यांच्या सांध्यांत इतक्या फटी पडल्या की आत एटीएम कार्ड सहज जाईल. मला वाटलं, लाकूड खराब झालंय. इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहिले, लाकडाचा भुसा कालवून इपॉक्सी (घट्ट होणारी रासायनिक चिकट राळ) भरलं, घासून गुळगुळीत केलं. पंधरा दिवस खपलो. मग डोलकाठी उभी केली, ताणमापक लावून तारा कसल्या. सप्टेंबरात परवानगी काढून रामटेकजवळ खिंडसीच्या पाण्यात नौका उतरवली. पहिल्या दिवशी एक थेंबही आत आला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे कडाकडा आवाज झाला. आतल्या पाच वाका, म्हणजे फळ्यांना आतून धरणाऱ्या नौकेच्या बरगड्या, मोडल्या होत्या, तांब्याचे रिव्हेट फळीतून ओढले गेले होते आणि कण्याजवळची (तळाच्या मधल्या लांब तुळईजवळची) फळी उचलली गेली होती.

काय झालं ते नीट समजून घ्या. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. सागाची फळी पूर्ण ओली असताना जेवढी रुंद असते, त्याच्या 5 ते 6 टक्के ती पार सुकेपर्यंत आटते. आपल्या मे महिन्यात शेडखालच्या पातळ फळीतला ओलावा 7 टक्क्यांपर्यंत उतरू शकतो. पाण्यात बसली की तो 18 च्या पुढे जातो. म्हणजे 100 मिलिमीटर रुंदीची फळी साधारण 2 मिलिमीटर फुगते. एका बाजूला दहा फळ्या धरा: 2 सेंटिमीटर! ही जागा त्या फटींत राखलेली असते, आणि मी तीच दगडासारख्या इपॉक्सीने बुजवली होती. फुगायला जागा नाही म्हटल्यावर फळ्या बाहेर ढकलल्या गेल्या आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या वाका तुटल्या. गळती नव्हती तोच खरा इशारा होता, आणि मी त्या रात्री खूश होऊन झोपलो.

लकडगंजातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना दाखवायला आणलं. नौका त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. एक फेरी मारली आणि विचारलं, "भाऊ, हिले पाणी कधी पाजलं?" त्यांच्याकडे बैलगाडीची चाकं यायची. सुकलेलं चाक ते आधी पाण्यात टाकायचे. ज्यांच्या व्हिडिओवर मी विसंबलो ते दमट, थंड देशात काम करतात, त्यांच्या शेडमध्ये लाकूड असं तडकतच नाही. म्हणून माझं ठाम मत आहे: गुरू असा शोधा ज्याने तुमच्या हवेत लाकूड हाताळलंय. नौका नंतर शिकता येते.

इपॉक्सी हाताने खरवडून काढायला चार महिने लागले. यंत्र लावू नका, फळीची धार जाते. नव्या वाका पातळ पट्ट्या वाकवून एकावर एक चिकटवून केल्या. तिथे इपॉक्सी योग्यच आहे, फक्त चिकटवण्याआधी सागाचं तेल अ‍ॅसिटोनने पुसा. उन्हाळ्यात ते पहाटे आणि थोडं थोडं कालवा, दुपारी कपातच धुरायला लागतं.

सांध्यांचं काम मात्र जुलै-ऑगस्टमध्येच करा. तोवर आत ओली गोणपाटं अंथरून ठेवा. मी कूलरचा पंप लावून ती भिजती ठेवायचो. मॉइश्चर मीटर घ्या, अंदाजावर जाऊ नका. ओलावा 14-15 टक्क्यांवर स्थिरावला की सांध्याला शेंदराचा हात, मग कापसाचं सूत हलक्या हाताने ठोकायचं, वर जवसाच्या तेलात खडूची भुकटी मळून केलेली मऊ लांबी (पुट्टी). फळी फुगली की ती दबून बाहेर येते, वाक मोडत नाही. कापूस आणि जवस दोन्ही आपल्याच शेतातले, याचा मला अजून आनंद वाटतो. शेंदूर म्हणजे शिसं आहे. हातमोजे घाला, सुकल्यावर कोरडा घासू नका, पोरांना जवळ येऊ देऊ नका. व्हार्निश थंडीत.

आता शिडाच्या सरंजामाबद्दल थोडं. जुनी सुती शिडं आणि दोर ताणले जायचे, वाऱ्याचा झटका त्यांतच अर्धा जिरायचा. स्टेनलेसची तार फारशी ताणली जात नाही, झटका थेट सांगाड्यात उतरतो. दोन्ही बाजूंच्या तारांत दोनशे-दोनशे किलो ताण दिला तर डोलकाठीच्या बुडाशी चारशे किलोंच्या आसपास भार येतो, पुढच्या तारेचा वेगळा. म्हणून बुडाखालचा ठोकळा लांब करून चार-पाच वाकांवर टेकवा, आणि बाजूच्या तारा बांधायच्या पट्ट्या नुसत्या वरच्या फळीला न ठोकता वाकांपर्यंत न्या. अ‍ॅल्युमिनियम आणि स्टेनलेस जिथे भिडतात तिथे मध्ये प्लास्टिकची चकती हवीच.

घाबरून सोडून देऊ नका. साग माफ करणारं लाकूड आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया या जहाजं बांधणाऱ्या घराण्याने 1817 साली सागात बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. पण सहा महिने कुणा सुताराकडे बिनपगारी रंधा मारायची तयारी नसेल, तर नौकेला हात लावू नका. हे मी मनापासून सांगतोय.

दुसऱ्यांदा खिंडसीत उतरवली तेव्हा तारा सैलच ठेवल्या. संध्याकाळपर्यंत गुडघ्याच्या खाली पाणी भरलं. मालक काठावरून हाका मारत होते, मी बादलीने उपसत राहिलो. दुसऱ्या रात्री तासाला दोन बादल्या, चौथ्या सकाळी बुडाशी फक्त ओल. त्यानंतर पाना घेतला आणि तारा पाव-पाव फेरा आवळायला सुरुवात केली, आधी डावी, मग उजवी.